चित्रलेखाचे दहा मेंढे

माझी बायको चित्रलेखा साबुदाण्याची खिचडीसुद्धा वजन करून करते. साबुदाणा, दाण्याचं कूट, मीठ, सगळं काट्यावर चढतं. एकदा जिरं मोजायचं राहिलं म्हणून तिने तापलेल्या तुपासमोर फोडणी थांबवली होती. तूप धुरावलं, स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचत राहिलो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोला, तक्रारच आहे.

ती मूळची चिंचवडची. शिकायला सिडनीत आली, शिकून इथलीच झाली, आणि आता वेस्टमीडच्या हॉस्पिटलातल्या एका लॅबमध्ये रक्त, लघवी, थुंकी यांच्या तपासण्या करते. कोविडच्या काळात पश्चिम सिडनीतलं प्रत्येक नाक कधी ना कधी तिच्या मशीनखालून गेलं असेल. मी त्या काळात स्कोफिल्ड्सच्या आमच्या घरात, वरती स्वच्छ शर्ट आणि खाली हाफ पँट अशा वेषात, कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेत होतो. घरात खरं काम कोण करतं, यावर आमचं कधीच दुमत नव्हतं.

अशा बाईला छंद कुठला असावा? मला वाटायचं योगासनं, फार तर मातीची भांडी. तिने निवडलं पिस्तूल. लॅबमधल्या कुणीतरी तिला एकदा क्लबच्या 'या आणि करून बघा' दिवसाला नेलं, आणि ती परत आली ती लायसन्सचा अर्ज घेऊनच. पिस्तूल म्हणजे सिनेमातलं नव्हे. तिचं आहे कोपरापासून बोटांपर्यंत लांब, एका वेळी एकच काडतूस घेणारं, वर दुर्बीण बसवलेलं. त्याने माणसांना नव्हे, लोखंडी जनावरांना मारायचं. जवळ कोंबड्या, मग डुकरं, मग टर्की, आणि सगळ्यात लांब, दोनशे मीटरवर, दहा मेंढे. नुसता नेम लागून भागत नाही, मेंढा आडवा पडला तरच गुण.

मेंढा जड असतो. दुकानातल्या काडतुसाने तो एखादे वेळी नुसता डोलतो आणि 'आता काय' अशा चेहऱ्याने उभा राहतो. म्हणून हे लोक काडतुसं घरी भरतात. वापरलेली पितळी पुंगळी स्वच्छ करायची, तिच्या बुडात ठिणगी टाकणारा टिकलीएवढा प्रायमर बसवायचा, वरून पावडर घालायची आणि तोंडावर गोळी बसवायची. ऐकायला पाणीपुरी भरण्याइतकं सोपं आहे. पण पावडर कमी पडली तर मेंढा हलत नाही, आणि जास्त झाली तर पिस्तूलच हातात फुटतं. म्हणून चित्रलेखा पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायची, कणाकणाने वर जायची, प्रत्येक पायरीला थोडी काडतुसं क्लबवर झाडायची, गोळीचा वेग यंत्रावर बघायची, आणि झाडलेल्या पुंगळीचं बूड भिंगाखाली धरायची. जास्त दाबाने प्रायमर चपटा झालेला दिसला की तिथून मागे. पावडरचा डबा नवीन आणला, तर पुन्हा पहिल्या पायरीवर. लग्नाला वीस वर्षं झाली, माझी एवढी तपासणी तिने कधी केली नाही.

या घरात फेब्रुवारी २०२० मध्ये माझे वडील, पद्माकर, तीन महिन्यांसाठी आले. एक बॅग, परतीचं तिकीट आणि चितळ्यांच्या बाकरवडीचे चार पुडे. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. बाकरवडी एप्रिलमध्ये संपली, बाबा राहिले.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांचं सगळं आयुष्य अंदाजावर. मीठ चिमूटभर, तांदूळ मूठभर, पाणी 'बोटाचं एक पेर'. स्वयंपाक मात्र फर्मास करतात. एकदा चित्रलेखाने त्यांच्याकडे आमटीची कृती मागितली.

"हिंग चिमूटभर," बाबा म्हणाले.

"चिमूट म्हणजे किती?"

बाबांनी चिमूट दाखवली. तिने ती काट्यावर घ्यायला लावली. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही वेगवेगळ्या भरल्या. पेशंटला वाईट बातमी सांगावी तशा हळू आवाजात ती म्हणाली, "बाबा, तुमची चिमूट स्थिर नाहीये."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिच्याशी बोलत होते, कारण तिच्यावर रागवायला ते घाबरतात.

मग जून २०२१ आला आणि सिडनी पुन्हा बंद झाली. आमच्या भागाला तर जास्तच कडक कुलूप. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. क्लब बंद. चित्रलेखाची लॅब मात्र दिवसरात्र चालू. ती घरी यायची, लाँड्रीत कपडे टाकायची, आंघोळ करायची आणि टेबलाशी बसून राहायची. रिपोर्टला उशीर झाला म्हणून लोक फोनवर ओरडायचे, आणि लवकर गेला म्हणून कुणी आभार मानायला फोन करत नाही. चित्रलेखाचं हसणं फार मोठं आहे, पोटातून येतं, लोक वळून बघतात. ते त्या जूनमध्ये बंद पडलं. मी विनोद करून पाहिले. बाबांनी पुरणपोळ्या करून पाहिल्या. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

एकदा मी विचारलं, "तुला हवंय तरी काय?"

"दहा मेंढे," ती म्हणाली. "एका फेरीत दहाच्या दहा. आठाच्या वर मी कधी गेले नाहीये. दिवसभर मी नळ्या पुढे ढकलते रे, त्यांचं पुढे काय होतं ते मला कळतच नाही. मला एक तरी गोष्ट पूर्ण झालेली डोळ्यांनी बघायचीय."

ऑक्टोबरमध्ये कुलूप उघडलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी क्लबची पहिली स्पर्धा ठरली. अडचण एकच होती. त्या काळात प्रायमर जगात कुठेच मिळत नव्हते. लोक टॉयलेट पेपरसाठी भांडले ते टीव्हीवर दिसलं, प्रायमरसाठी भांडले ते दिसलं नाही इतकंच. तिच्याकडे होते ते सगळे तिने पुंगळ्यांत बसवून टाकले. बरोबर एका स्पर्धेपुरते. त्याशिवाय जूनमध्ये भरलेली एक छोटी पेटी शिल्लक होती, तीत मोजून दहा काडतुसं.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी आंघोळ करून, पांढरा झब्बा घालून विषय काढला.

"चित्रा, आज शस्त्रपूजा."

"पिस्तूल तिजोरीतच राहील, बाबा. तुमच्याकडे लायसन्स नाही."

"देवाला लायसन्स लागतं?"

"देवाला नाही. तुम्हाला लागतं."

बरीच घासाघीस होऊन तह ठरला. गराजमधल्या तिच्या बाकावर काडतुसं भरायचं जे हँडलवालं यंत्र आहे, त्याला कुंकवाचं एक बोट आणि अंगणातलं बॉटलब्रशचं एक फूल. बाकी कशाला हात लावायचा नाही. काट्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. ती स्वतः शेजारी उभी राहिली. मी आत पुऱ्या तळत होतो. कुंकू लागलं, फूल वाहिलं, आणि तेवढ्यात लॅबचा फोन आला. रेंज मिळेना म्हणून ती बोलत बोलत दाराबाहेर गेली. बाबा बाकाशी एकटे राहिले.

दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर ती पावडर भरायला बसली. पावडर घालण्याआधी प्रत्येक पुंगळी उलटी करून ठोकायची, हा तिचा नियम. आत कचरा नको म्हणून. थोड्या वेळात ती स्वयंपाकघरात आली आणि तळहात आमच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

हातावर तीन लालसर दाणे होते. मी म्हणालो, "तांदूळ. बासमती?"

"आंबेमोहोर," बाबा म्हणाले. "पूजेला मी बासमती वापरत नाही."

मग ते आनंदाने सांगू लागले. बाकावर एक फडकं होतं. खाली काय आहे म्हणून त्यांनी ते उचललं, तर लाकडी ठोकळ्यात रांगेने उभ्या चकचकीत पितळी पुंगळ्या. तोंडं वर, अगदी छोटे छोटे तांबेच. एवढे कलश मांडलेत आणि पूजा नाही? हळद, कुंकू, दोन-दोन अक्षता.

"सगळ्यांना वाहिल्या हो! एकही सोडली नाही. आणि पाण्यात नाही भिजवल्या, साजूक तुपात माखल्या."

चित्रलेखा खुर्चीवर बसली.

मी पटकन म्हणालो, "मग काय झालं? तांदूळ झटकून टाकू. हेअर ड्रायर मारू."

"प्रायमरला तेलतूप लागलं की तो खराब होतो," ती म्हणाली. "कधी पेटत नाही, कधी अर्धवट पेटतो. अर्धवट पेटला तर गोळी नळीतच अडकते. ते लक्षात न येता मी पुढची झाडली, तर नळी फुटते."

"पण सगळ्याच थोड्या खराब झाल्या असतील! बहुतेक चांगल्या असतील."

"यतिन, सँपलवर कुणी तूप सांडलं तर मी रिपोर्टवर 'बहुतेक निगेटिव्ह' असं लिहू का?"

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पूजेने तुझा हात..." ते म्हणाले.

तिने क्लबच्या नेव्हिलला फोन लावला. नेव्हिल सत्तरीचा, पूर्वी ट्रेन चालवायचा, आता क्लबचा रेंज ऑफिसर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरचा पंच. फोन स्पीकरवर होता.

"राइस?" नेव्हिलने दोनदा विचारलं. मग म्हणाला, माझ्याकडची भरलेली काडतुसं घे. तिने नको म्हटलं. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. मग प्रायमर घे, वेगळ्या कंपनीचे आहेत थोडे. त्यालाही नको. वेगळे प्रायमर म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून, आणि रविवारपर्यंत तेवढा वेळ नाही.

"फेअर इनफ, मेट," नेव्हिल म्हणाला. माझ्या मते त्याने ती परीक्षाच घेतली होती.

राहिली जूनची छोटी पेटी. दहा काडतुसं, दहा मेंढे. कोंबड्या, डुकरं, टर्की सगळी सोडून द्यायची, नेम जुळवायला एकसुद्धा जास्तीची गोळी नाही. स्पर्धेत ती शेवटची येणार हे ठरलेलंच होतं. पण मेंढे पडू शकत होते.

संध्याकाळी ती अंगणात बसून बिघडलेल्या पुंगळ्या निकालात काढत होती. बाबा लांब उभे राहून बघत होते. मग जवळ आले.

"खंडेनवमीला आम्ही सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मरला हार घालायचो," ते म्हणाले. "ट्रान्सफॉर्मरला काय कळतंय? पण आपल्या माणसाला शॉक बसू नये, म्हणून. तू रोज त्या हॉस्पिटलात जातेस. मी इथे बसून असतो. तुझ्या त्या लॅबला हळदकुंकू लावायला मला कोण जाऊ देणार? म्हणून तुझं जे हाताला लागलं, त्याला लावलं."

चित्रलेखाने जोरात नाक शिंकरलं. त्या दिवसांत घरात कुणी नाक शिंकरलं की बाकीचे दोन पावलं मागे सरायचे. आम्ही कुणीच सरलो नाही.

रविवारी आम्ही तिघेही रिचमंडच्या पलीकडे क्लबवर गेलो. दारात कोड स्कॅन केला, लशीचे दोन डोस दाखवले, कानांवर आवाज अडवणारे जाडजूड मफ चढवले. नेव्हिलने सगळ्यांना नियम सांगितले. त्यातला एक बाबांना फार आवडला. काही धोक्याचं वाटलं तर कुणीही, अगदी पाहुण्यानेसुद्धा, मोठ्याने 'स्टॉप' म्हणायचं, की सगळ्यांनी तत्काळ थांबायचं. बाबांनी अशी मान हलवली, जणू नेव्हिलने त्यांना नेमणूकपत्रच दिलं होतं.

कोंबड्या झाल्या, डुकरं झाली, टर्की झाल्या. चित्रलेखाच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. ती थर्मासमधला चहा पीत बसली होती. मग मेंढ्यांची पाळी आली आणि ती चटईवर उताणी झोपली.

"हे काय?" बाबा घाबरून म्हणाले. "चक्कर आली का?"

"तसंच झाडतात, बाबा," मी म्हणालो. उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे, मान एका हाताने उचलायची आणि पिस्तुलाची लांब नळी पायाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायची. आपल्या सुनेला चारचौघांत असं पसरलेलं बघून बाबांनी क्षणभर आकाशाकडे तोंड फिरवलं.

पहिला बार झाला. मग दुरून 'ठण्ण' असा आवाज आला आणि मेंढा मागे कोसळला. नेम जुळवायची एकही गोळी न झाडता! दुसरा पडला. तिसरा, चौथा, पाचवा. मध्ये थोडी विश्रांती, मग सहावा, सातवा, आठवा. बाकीचे नेमबाज आपलं काम सोडून तिच्या मागे येऊन उभे राहिले. नवव्याच्या वेळी बाबांना ते सहन होईना. त्यांनी कानांवरचे मफ दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. बार झाला, नववा मेंढा पडला, तिने दहावं काडतूस आत सरकवलं, आणि बाबा ओरडले,

"स्टॉप!"

वीज मंडळात खांबावर चढलेल्या माणसाला ऐकू जावा असा आवाज. अख्खं रेंज जागच्या जागी थबकलं. चित्रलेखाने विचारही केला नाही, पिस्तूल उघडलं, काडतूस बाहेर काढलं, नळीतून आरपार उजेड बघितला. नळी साफ होती. नेव्हिल लांब ढांगा टाकत बाबांपाशी आला.

"व्हॉट डिड यू सी, मेट?"

"नॉट सीन," बाबा म्हणाले. ते मागे हटणार नव्हते. "हर्ड. नाइन्थ वन वॉज लेस."

"लेस व्हॉट?"

बाबांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून नेव्हिलच्या नाकासमोर धरली.

"पावडर. वन पिंच लेस."

आधी मला कळलं नाही तो आवाज कुठून येतोय. मग बघितलं तर चित्रलेखा चटईवर उताणीच होती, पिस्तूल बाजूला उघडं ठेवलेलं, आणि तिचं पोट गदागदा हलत होतं. "चिमूट!" ती म्हणाली, "कानाने चिमूट मोजली!" आणि ते तिचं मोठं, पोटातलं हसणं त्या माळावर फुटलं. बाबांनी मफ दाबले होते म्हणून आवाज कमी आला, हे मी नेव्हिलला समजावून सांगितलं. तोही हसायला लागला. बाबा मात्र गंभीर होते.

नेव्हिल म्हणाला, नियमाप्रमाणे तुला वेळ वाढवून मिळेल, दहावा झाड. ती पुन्हा तयार झाली. श्वास घेतला. मग नळीचं टोक हलायला लागलं. तिने हसू दाबलं, पुन्हा धरलं, पुन्हा हललं. तिसऱ्या वेळी तिने पिस्तूल उघडलं आणि काडतूस काढून नेव्हिलच्या हातावर ठेवलं.

"नाही जमत. हसताना झाडायचं नसतं."

दहावा मेंढा उभाच राहिला. चित्रलेखा नऊ गुण मिळवून स्पर्धेत शेवटची आली, आणि गाडीत घरापर्यंत हसत होती. मी चार महिने जे मागत होतो ते मला मिळालं होतं, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

"एक माझ्यामुळे राहिला," बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. "तो पडेपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही. तो पडताना मी हजर असणार."

पुढे सीमा उघडल्या, विमानं सुरू झाली आणि तीन महिन्यांसाठी आलेले बाबा दोन वर्षांनी पुण्याला गेले. जाताना त्यांनी गराजमधल्या यंत्राला लांबूनच नमस्कार केला. आता तिकडे त्यांना एकटं वाटतं, गुडघे दुखतात, एवढा लांबचा प्रवास झेपेल का, असं ते मला फोनवर सांगतात. मग म्हणतात, चित्राला दे. तिला ते एकच प्रश्न विचारतात.

"दहावा पडला का गं?"

ते गेल्यावर प्रायमर मिळू लागले. चित्रलेखाने पुन्हा पहिल्या पायरीपासून सगळं जुळवून आणलं. मार्चमध्ये एका फेरीत तिने दहाच्या दहा मेंढे पाडले. नेव्हिलने तिच्या टोपीवर लावायला बिल्ला दिला. मी तिथे होतो, माझ्या फोनमध्ये व्हिडिओ आहे. मे महिन्यात तिने पुन्हा दहा पाडले.

या बाईने आयुष्यात कधी चुकीचा आकडा दिलेला नाही. ती फोन कानाला लावते आणि माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहते.

"नाही हो बाबा," ती म्हणते. "नऊच पडतात."

"मग मला यायलाच हवं," पुण्याहून बाबा म्हणतात.